तेझुकांचा 'अडॉल्फ': हेरकथा एका पाकिटाची, गोष्ट दोन मुलांची

शाईदौत (धागाकर्ता)

इथे मांगा (जपानी चित्रकथा) वाचणारे बरेच आहेत आणि दुसऱ्या महायुद्धावर वाचणारे त्याहून जास्त. दोघांनाही बोलता येईल असा धागा काढतो आहे. पुढे कथानक पूर्ण उघड होणार आहे, तेव्हा ज्यांना कोरं राहून वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं.

ओसामू तेझुका यांची 'अडोरुफु नि त्सुगु' ही मालिका १९८३ ते १९८५ या काळात 'शुकान बुनशुन' या साप्ताहिकात आली. इंग्रजीत ती 'मेसेज टू अडॉल्फ' नावाने दोन जाड खंडांत मिळते. 'शुकान बुनशुन' हे मांगाचं साप्ताहिक नाही. राजकारण, समाजकारण, भानगडी असा मजकूर असलेलं, नोकरदार माणसांनी आगगाडीत वाचायचं ते साप्ताहिक. म्हणजे 'अॅस्ट्रो बॉय' काढणारा चित्रकार इथे अशा वाचकांसमोर होता, ज्यांतल्या अनेकांनी लहानपणी किंवा तरुणपणी ते युद्ध स्वतः पाहिलं होतं. १९८६ साली या मालिकेला मांगासाठीचा कोदान्शा पुरस्कार मिळाला.

सुरुवात ऑगस्ट १९३६ मध्ये, बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी होते. सोहेई तोगे हा जपानी बातमीदार खेळांचं वार्तांकन करायला आलेला आहे. बर्लिनमध्येच शिकणारा त्याचा धाकटा भाऊ इसाओ त्याला फोन करून तातडीने बोलावतो. तोगे पोचेपर्यंत इसाओचा खून झालेला असतो. त्यानंतर प्रेतही जागेवर राहत नाही, आणि असा कोणी विद्यार्थी आमच्याकडे नव्हताच, असं सगळे सांगू लागतात. हळूहळू कळतं की हिटलरच्या अंगात ज्यू रक्त आहे असं दाखवणारी कागदपत्रं इसाओच्या हाती लागली होती आणि ती त्याने जपानला पाठवून दिली होती. तिथून गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलीस), जपानी विशेष पोलीस, लष्करातले अधिकारी, कम्युनिस्ट, सगळे त्या पाकिटाच्या मागे लागतात.

दुसरीकडे कोबे शहरात दोन मुलं आहेत. अडॉल्फ काउफमान हा जर्मन वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा मुलगा, आई युकिए जपानी. अडॉल्फ कामिल हा ज्यू बेकरीवाल्याचा मुलगा. दोघे जिवलग मित्र. काउफमानच्या वडिलांना मुलाला जर्मनीला, 'अडॉल्फ हिटलर शाळे'त पाठवायचं असतं. मुलगा रडतो, अडून बसतो, मला जायचं नाही म्हणतो. शेवटी त्याला जावं लागतं. या शाळा कल्पनेतल्या नाहीत. १९३७ पासून त्या खरोखरच चालू झाल्या, बाराव्या वर्षापासून मुलं घ्यायच्या आणि पक्षाचे पुढचे पुढारी घडवायचं काम त्यांच्याकडे होतं.

आता मला जे म्हणायचं आहे ते. बहुतेक ठिकाणी या पुस्तकाची ओळख 'हिटलरच्या गुपिताची हेरकथा' अशी करून दिली जाते. पण त्या गुपितावर विश्वास कोण ठेवतं ते बघा. गेस्टापो ठेवते हे उघड आहे. नाझींच्या विरोधात असलेली चांगली माणसंही तेवढाच ठेवतात. इसाओ त्यासाठी जीव देतो. ओगीबाई या त्याच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका छळ सोसतात, नोकरी जाते, तरी पाकीट जपतात. तोगे सगळं आयुष्य त्यावर लावतो. सगळ्यांची समजूत एकच: हिटलर ज्यू निघाला की सगळं कोसळेल. म्हणजे माणसाची किंमत रक्तावरून ठरते, हा नाझींचा मूळ दावा त्यांच्या शत्रूंनीही न कळत मान्य केलेला आहे. आणि तेझुका काय करतात? काउफमान शेवटी ते पाकीट मिळवतो तेव्हा हिटलर मेलेला असतो, जर्मनी शरण गेलेली असते. इतक्यांचे बळी घेतलेला कागद कोणाच्याही उपयोगाचा राहत नाही.

दरम्यानच्या काळात जे घडून गेलं ते मात्र पुसता येत नाही. जर्मनीला जायला नको म्हणून रडणारा मुलगा शाळेत तयार होतो. एक दिवस त्याच्या हातात पिस्तूल दिलं जातं आणि समोर उभा असतो त्याच्या मित्राचा बाप, आयझॅक कामिल. फॅसिझम माणसाच्या आत कसा शिरतो, हे मी वाचलेल्या कुठल्याही चित्रकथेत इतकं स्पष्ट आलेलं नाही. त्या पोराला कोणी एका दिवसात राक्षस केलेलं नाही. गणवेश, शाबासकी, मागे पडायची भीती, वरच्याच्या नजरेत भरायची धडपड, असं पायरीपायरीने ते होतं.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः शेवटाबद्दल बोलायला आवडेल.


निशिगंध_क

फार चांगला धागा. पाकिटाबद्दल पटलं, त्यात एक भर घालते. त्या कागदाची सर्वांत जास्त भीती वाटायला हवी ती काउफमानला, कारण तो स्वतः मिश्र रक्ताचा आहे. जर्मनीत सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. जपानी आईचा मुलगा हा डाग पुसायचा म्हणून तो इतरांपेक्षा जास्त कडवा होतो. ज्या नियमाने तो स्वतःच कमी ठरतो तोच नियम तो दुसऱ्यांवर लावत सुटतो. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी किती आजी-आजोबा ज्यू आहेत ते मोजून माणूस ठरवायला सुरुवात केली होती, आणि हा पोरगा त्या मोजणीच्या सावलीत वाढतो.

आयझॅक कामिलचा प्रसंग मी एका बैठकीत वाचू शकले नाही. पुस्तक मिटून ठेवलं होतं.


आडवाट

त्या 'गुपिता'मागची खरी गोष्ट सांगतो, कारण हे पुस्तक वाचून अनेकांना ते ऐतिहासिक सत्य वाटतं.

हिटलरचा बाप अलोइस १८३७ साली जन्मला, अविवाहित आईच्या पोटी. तिचं नाव मारिया आना शिकलग्रुबर. बापाचं नाव तेव्हा नोंदवलं गेलं नाही. या रिकाम्या जागेत अफवा वाढल्या. सर्वांत गाजलेली आवृत्ती हान्स फ्रांकची. हा नाझींचा वकील, पुढे व्यापलेल्या पोलंडचा गव्हर्नर जनरल. न्यूरेंबर्गच्या तुरुंगात लिहिलेल्या आठवणींत त्याने म्हटलं की मारिया आना ग्राट्स शहरात फ्रांकनबर्गर नावाच्या ज्यू कुटुंबाकडे कामाला होती. ऑक्टोबर १९४६ मध्ये तो फासावर गेला, आठवणी नंतर छापल्या गेल्या. त्या काळात ग्राट्समध्ये ज्यूंना वस्ती करायची परवानगीच नव्हती आणि अशा कुटुंबाचा मागमूस मिळत नाही, म्हणून बहुतेक इतिहासकारांनी हा दावा फेटाळला आहे.

हेही लक्षात घ्या की हा दावा करणारा माणूस पोलंडमधल्या ज्यूंच्या संहाराला जबाबदार होता. 'आमचा नेता तुमच्यातलाच होता' असं मरता मरता सांगण्यात त्याचा फायदा होता. त्यामुळे कागद शेवटी निरुपयोगी ठरवणं हा तेझुकांचा निर्णय मला धागाकर्त्यापेक्षाही जास्त महत्त्वाचा वाटतो.


शाईदौत

आडवाट, हे फ्रांकचं प्रकरण इतकं नेमकं इथे आलं ते बरं झालं. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र मराठी अनुवादात आजही ढिगाने मिळतं. 'माणूस कसाही असो, शिस्त होती' असं म्हणत ते विकत घेणारी तरुण मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या हाती ही चित्रकथा पडावी असं मनापासून वाटतं. त्या शिस्तीच्या आत बारा वर्षांच्या मुलाचं काय होतं ते त्यात पानापानावर दिसतं.


कितानोची_गल्ली

मी कामानिमित्त जपानमध्ये, कोबेच्या जवळच राहते. शहराबद्दल थोडं लिहिते, कारण या पुस्तकात शहर हे एक पात्रच आहे.

कोबे हे जुनं बंदर. कितानोच्या चढावर परदेशी व्यापाऱ्यांची घरं आजही उभी आहेत. छपरावर वाऱ्याचा कोंबडा असलेलं लाल विटांचं घर गॉटफ्रीड थॉमस या जर्मन व्यापाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतलेलं. तिथून थोड्या अंतरावर १९३५ ची मशीद आहे. तिच्यासाठी पैसा देणाऱ्यांत भारतीय मुसलमान व्यापारी होते आणि बॉम्बहल्ल्यांतून ती वाचली. जर्मन केकवाला कार्ल युखहाइम पहिल्या महायुद्धात चीनमधल्या छिंगताओला जपान्यांच्या कैदेत सापडला आणि १९२३ च्या भूकंपानंतर कोबेत येऊन दुकान थाटून बसला. म्हणजे कोबेत जर्मन वकिलातीचा मुलगा आणि ज्यू बेकरीवाल्याचा मुलगा एका गल्लीत खेळणं यात ओढूनताणून काही नाही.

कामिलचे वडील लिथुआनियात अडकलेल्या ज्यूंना सोडवायला जातात, तिथेही खरा इतिहास आहे. १९४० च्या उन्हाळ्यात कौनासमधले जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी वरिष्ठांच्या सूचना डावलून दोन हजारांहून जास्त प्रवास-परवाने लिहून दिले. ती माणसं ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने व्लादिवोस्तोक, तिथून बोटीने त्सुरुगा आणि मग कोबेला आली. पुढे ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही त्यांना शांघायला पाठवलं गेलं.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. तेझुकांचे वडील हौशी छायाचित्रकार होते, ओसाकाच्या तानपेई क्लबचे सदस्य. १९४१ मध्ये या क्लबच्या लोकांनी कोबेला जाऊन ज्यू निर्वासितांचे फोटो काढले आणि त्यांचं प्रदर्शन भरवलं. फोटो काढणाऱ्यांत तेझुकांचे वडीलही होते. तेझुका तेव्हा बारा वर्षांचे, राहायला कोबेपासून जवळच, ताकाराझुकाला. चाळीस वर्षांनी त्यांनी ज्यू बेकरीवाल्याचं घर काढलं तेव्हा ते कोऱ्या कागदावरून सुरू करत नव्हते.


मृण्मयी_स

सगळे कौतुक करत आहेत, मीही करते. पण बायकांबद्दल कोणीतरी बोललं पाहिजे.

रोझा ही गेस्टापो अधिकारी लांपची मुलगी. तोगे तिच्याशी जे वागतो त्यानंतर ती जीव देते, आणि पुस्तक लगेच पुढे लांपच्या सूडाकडे जातं. ती माणूस म्हणून आपल्याला किती पानं भेटते? एलिझाचं तर त्याहून वाईट. ही ज्यू मुलगी काउफमानला आवडते, तो तिला वाचवून कोबेला कामिलच्या घरी पाठवतो. पुढे कामिल आणि तिचं लग्न ठरतं. काउफमान जपानला परत येतो, त्याला हे कळतं आणि तो तिच्यावर बलात्कार करतो. तो प्रसंग दोन मित्रांमधली मैत्री तुटण्यासाठी वापरला आहे. तिला काय वाटलं, तिने पुढे काय केलं, यावर चित्रकाराची नजर फार कमी रेंगाळते.

याला अपवाद ओगीबाई. एक साधी शाळामास्तरीण, पोलीस ठाण्यात छळ सोसून परत येते आणि पुन्हा तेच करते. त्यांच्याबद्दल स्वतंत्र पुस्तक वाचायला मला आवडलं असतं. १९२५ च्या शांतता-रक्षण कायद्याखाली जपानमध्ये शिक्षक, लेखक, कामगार उचलले जात. लेखक ताकिजी कोबायाशींना २० फेब्रुवारी १९३३ रोजी पकडलं आणि त्याच दिवशी कोठडीत मारलं. ओगीबाईंच्या घराखाली बूट वाजतात तेव्हा कोबायाशी आठवतात.


निशिगंध_क

मृण्मयीताई, संपूर्ण अनुमोदन. युकिएबद्दलही तेच म्हणेन. ती जर्मनाची बायको, मग विधवा, मग तोगेची बायको, आणि या सगळ्यात स्वतःच्या मुलाला हरवत गेलेली आई. हातातून निसटून गेलेल्या मुलाशी तिचं तुटतं, तो प्रसंग पुस्तकात आणखी मोठा हवा होता.


तिसरी_घंटा

माझं मत थोडं वेगळं आहे. जर्मन फॅसिझम तेझुकांनी आतून दाखवला, जपानी फॅसिझम मात्र मुख्यतः विशेष पोलीस आणि लष्करी अधिकाऱ्यांपुरता ठेवला. सामान्य जपानी माणूस इथे बहुतेक वेळा सोसणारा आहे. कोरिया, चीन इथली माणसं जवळपास दिसतच नाहीत.

एकच उदाहरण देतो. कथा १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकपासून, एका जपानी बातमीदारापासून सुरू होते. त्याच ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनचं सुवर्णपदक जपानच्या नावावर 'सोन किटेइ' याने जिंकलं. तो खरा सोन की-जोंग, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या कोरियाचा. बक्षिसाच्या वेळी तो मान खाली घालून उभा होता. सोलच्या 'दोंग-आ इल्बो' या दैनिकाने त्याचा फोटो छापताना छातीवरचा जपानी झेंडा पुसून टाकला. बातमीदारांना अटक झाली, दैनिक महिनोन्महिने बंद ठेवलं गेलं. सत्तेशी नडणाऱ्या बातमीदाराची ही गोष्ट तोगेच्या डोळ्यांदेखत घडत होती, आणि चित्रकथेत तिचा वापर झाला असता तर जपानी वाचकाला आरशात बघावं लागलं असतं.

(त्याच स्टेडियमच्या परिसरात १५ ऑगस्ट १९३६ ला ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला ८-१ हरवलं होतं. विषयांतर आहे, पण राहवलं नाही.)


गोंदण

तिसरी घंटा, मुद्दा रास्त आहे. तरी कर्नल होंडा आणि त्याच्या मुलाचा भाग विसरू नका. मला तो पुस्तकाचा कणा वाटतो.

होंडा कडक लष्करी माणूस. त्याचा मुलगा योशिओ रिचर्ड झोर्गेच्या हेरजाळ्यात काम करतो. झोर्गे ही खरी व्यक्ती: बाकूला जन्म, बाप जर्मन, आई रशियन, १९३३ पासून टोकियोत 'फ्रांकफुर्टर त्साइटुंग'चा बातमीदार म्हणून वावरणारा, जर्मन राजदूत ऑइगेन ओटच्या घरी उठबस असलेला, आणि प्रत्यक्षात सोव्हिएत लष्करी हेर. त्याचा मुख्य जपानी साथीदार होत्सुमी ओझाकी, पत्रकार, पंतप्रधान कोनोएंच्या सल्लागारांच्या वर्तुळातला. जपान उत्तरेला सोव्हिएत संघावर चढाई करणार नाही, दक्षिणेकडे वळणार, ही बातमी या दोघांकडून मॉस्कोला गेली. १८ ऑक्टोबर १९४१ ला झोर्गे पकडला गेला. ७ नोव्हेंबर १९४४ ला सुगामो तुरुंगात दोघांना फाशी झाली.

ओझाकीने हे पैशासाठी केलं नव्हतं. युद्ध आपल्या देशाला खाईत नेतं आहे अशी त्याची खात्री होती. योशिओ होंडामध्ये तेझुकांनी ती खात्री ठेवली आहे. बापाला कळतं तेव्हा तो स्वतःच्या हाताने मुलाला मारतो, घराण्याची अब्रू वाचवायला. शाळेत पिस्तूल दिलेला काउफमान आणि मुलावर पिस्तूल रोखणारा होंडा, दोघांना समोरासमोर ठेवा. सामान्य घरातला जपानी फॅसिझम तेझुकांनी इथे दाखवला आहे, तोही बापाच्या प्रेमासकट.


नागाव_किनारा

माझं आजोळ अलिबागजवळचं. आमच्या आळीत बेने इस्रायली (कोकणातले ज्यू) घरं होती, गावात त्यांना शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारी, घरात मराठीच बोलणारी माणसं. बरीचशी पुढे इस्रायलला गेली आणि तिथेही मराठी टिकवून आहेत, 'मायबोली' नावाचं नियतकालिक त्यांनी तिथे काढलं. छळामुळे त्यांना कोकण सोडावं लागलं नाही, निघताना आमच्या आजीच्या गळ्यात पडून रडली होती.

म्हणून शेवटाचा भाग वाचताना मला फार त्रास झाला. युद्धानंतर कामिल इस्रायली सैन्यात आहे, काउफमान पॅलेस्टिनी लढवय्यांमध्ये. कामिलच्या लोकांकडून काउफमानची अरब बायको आणि लहान मुलगी मारली जाते. मग काउफमान शहरभर पत्रकं लावतो, 'अडॉल्फला कळवण्यात येते की', आणि दोघे बालमित्र एकमेकांना मारायला वाळवंटात उतरतात. पुस्तकाचं नाव तिथून आलेलं आहे.

मला असं वाटलं की इथे तेझुका घाई करतात. नाझींनी केलेला संहार आणि हा संघर्ष एका मापात टाकल्यासारखं होतं.


आडवाट

घाईचं कारण काही अंशी बाहेरचं आहे. मालिका चालू असताना तेझुका आजारी पडून रुग्णालयात होते. साप्ताहिकाचं वेळापत्रक सांभाळत शेवट गाठावा लागला, त्यामुळे मध्यपूर्वेचा भाग आटोपशीर झाला.

आणि काळ बघा. मालिका जानेवारी १९८३ मध्ये सुरू झाली. त्याआधी जून १९८२ मध्ये इस्रायली सैन्य लेबनॉनमध्ये शिरलं होतं, सप्टेंबरमध्ये बैरुतच्या साब्रा आणि शातिला छावण्यांत पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल झाली होती. जपानी वाचक हे रोज वर्तमानपत्रात वाचत होता.


शाईदौत

नागाव किनारा, तुमचा आक्षेप मी हलका करणार नाही. सहा कोटी पानं लिहिली तरी युरोपातल्या संहाराशी दुसरं काही तोलता येणार नाही. पण माझ्या वाचनात तेझुका तोलत नाहीत. त्यांचा डोळा मुलांवर आहे. काउफमान पॅलेस्टिनी मुलांच्या हाती बंदुका बघतो तेव्हा त्याला स्वतःची शाळा दिसते. कामिल, ज्याच्या बापाला गणवेशातल्या पोराने मारलं, तो स्वतः गणवेशात दुसऱ्याच्या घरात शिरतो. 'आपली बाजू न्यायाची आहे' हे दोघांनाही लहानपणापासून कोणीतरी शिकवलेलं आहे. काउफमान मरण्याआधी साधारण हेच म्हणतो: आपल्या आयुष्याचं काय झालं, कोणाच्या न्यायासाठी?

तोगे मात्र शेवटपर्यंत बातमीदार राहतो. म्हातारा होऊन तो कामिलच्या कबरीपाशी येतो आणि ठरवतो की हे सगळं लिहून काढायचं. पाकिटाने काही बदललं नाही, पण जे घडलं त्याची नोंद राहावी, एवढा विश्वास तेझुका त्याच्या हाती देतात.


पहिलं_पान

मांगा कधीच वाचलेला नाही. हे पहिलं पुस्तक म्हणून चालेल का? मुलगी चौदा वर्षांची आहे, तिलाही द्यायचा विचार आहे.


निशिगंध_क

तुमच्यासाठी नक्की चालेल. चित्रं गोलसर, जुन्या वळणाची आहेत, सुरुवातीला विषयाशी विसंगत वाटतील, पन्नासेक पानांत सवय होते. लांप हा तेझुकांचा ठेवणीतला नट आहे, त्यांच्या कितीतरी चित्रकथांत वेगवेगळ्या भूमिकांत येतो, इतरत्र हसवतोसुद्धा. इथे तो एकदाही हसवत नाही.

मुलीला देण्याआधी तुम्ही स्वतः पूर्ण वाचा. दुसऱ्या खंडात एलिझाचा प्रसंग आहे आणि बॉम्बहल्ल्यांची चित्रं आहेत. कोबेवर १७ मार्च आणि ५ जून १९४५ ला मोठे हल्ले झाले, आणि तेझुका स्वतः ओसाकाच्या हल्ल्यातून वाचलेले. त्या पानांवर त्यांनी काही सौम्य केलेलं नाही. आमच्या घरी पुतणीला सोळाव्या वर्षी दिलं, सोबत बसून वाचलं, आणि आयझॅक कामिलच्या पानानंतर तिने विचारलं की त्या मुलाने नाही म्हटलं असतं तर त्याचं काय झालं असतं. त्यावर आम्ही संध्याकाळभर बोलत होतो.


मृण्मयी_स

त्याच प्रश्नावर मुलीशी ओगीबाईंबद्दलही बोला. त्यांनी नाही म्हटलं होतं.